'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली' : हे मूळ कोणतं?

प्रश्न असा आला आहे: तुकोबांच्या 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' या अभंगात 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची' अशी ओळ आहे. त्यातल्या 'मुळा'चा अर्थ काय? 'दिवाळीमुळे लेकीला आस लागली' असं शाळेत सांगितलं होतं, ते बरोबर का? की मूळ नक्षत्राशी काही संबंध आहे?

नक्षत्राशी संबंध नाही, आणि 'मुळे'शीही नाही. इथलं 'मूळ' हे स्वतंत्र नाम आहे. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला आलेलं माणूस आणि त्याच्याकरवी आलेलं बोलावणं, दोन्हींना 'मूळ' म्हणत. मूळ आलं, मूळ धाडलं, मुळाची वाट पाहतेय, अशी त्याची वापरणूक. न्यायला येणारा तो मुराळी किंवा मुऱ्हाळी. बहुधा भाऊ, नाहीतर बाप, चुलता, कधी घरचा जुना विश्वासू गडी. लग्नात वरपक्षाला बोलावण्यासाठी धाडायच्या पत्राला मूळचिठी म्हणत, त्यातही हेच मूळ आहे.

व्याकरण बघा, म्हणजे शंका राहणार नाही. दूध-दुधा, फूल-फुला तसं मूळ-मुळा. सामान्यरूपात दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. जुन्या मराठीत चतुर्थीचं काम नुसत्या 'आ'वर भागत असे: 'जाईन गे माये तया पंढरपुरा । भेटेन माहेरा आपुलिया'. पंढरपुरा म्हणजे पंढरपुराला, तसं मुळा म्हणजे मुळाला, मुळासाठी. खायचा मुळा असता तर 'दिवाळीचा मुळा' झालं असतं; 'दिवाळीच्या' हे रूपच सांगतं की पुढचा शब्द सामान्यरूपात आहे. आणि तुकोबांना 'मुळें' म्हणायचं असतं तर छंदाची काहीच अडचण नव्हती, 'मुळा' आणि 'मुळें' दोन्ही दोन-दोन अक्षरी. 'लेकी'ही अनेकवचन नव्हे, क्रियापद 'आसावली' एकवचनी आहे. एकच लेक, तिला दिवाळीच्या मुळाची आस लागली आहे.

इथवर उत्तर झालं, पण 'मूळ म्हणजे बोलावणं' एवढ्यावर थांबलं तर ओळ निम्मीच हाती लागते. बोलावणं आलं आणि लेक निघाली, असं त्या काळी होत नव्हतं. तिला एकटीने गाव ओलांडायची मुभा नव्हती. माहेरचं माणूस प्रत्यक्ष दारात यायला हवं, त्याने सासू-सासऱ्यांकडे शब्द टाकायला हवा, त्यांनी 'न्या' म्हणायला हवं, तेव्हा ती उंबऱ्याबाहेर पडणार. बोलावणं, सोबत आणि परवानगी मागणारं तोंड, हे सगळं त्या एका माणसात असे. न बोलावता माहेरी गेलेल्या सुनेकडे दोन्ही गावं संशयाने बघत.

मग आईच का येत नसे? अनेक घरांत लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नसत, काही तर पाणीही घेत नसत. शिवाय आईही कुणाची तरी सूनच, तिच्याही उंबऱ्याला तेच नियम. लेक सासरी गेली तेव्हा वयाने केवढी असे, तेही लक्षात घ्या. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. त्याआधी आठ-दहा वर्षांची मुलगी बोहल्यावर चढणं सर्रास होतं. दोन-तीन पोरांची आई झालेली बाई तिच्या आईजवळ राहिली होती ती एवढी लहान असतानाच.

खुशाली कळायची तीही दुसऱ्याच्या तोंडून. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, पण लिहिणारी आई आणि वाचणारी लेक कुठे होती? आठवड्याच्या बाजाराला आलेलं गाववालं, बांगड्या भरायला दारोदार फिरणारा कासार, वारीहून परतणारी मंडळी, यांच्याकडे सांगावा द्यायचा. कासाराने हात हातात धरला की तेवढ्या वेळात माहेरची विचारपूस उरकायची. बाकी दिवस दळण, पाणी, शेणगोठा, भाकऱ्या. आईचं नाव मोठ्याने घ्यायची एक जागा होती, पहाटेचं जातं. ओव्यांत 'बया' म्हणजे आई आणि 'बंधू' पदोपदी येतात ते त्यामुळेच.

माझ्या आजीच्या बोलण्यात 'मुराळी' अगदी घरचा शब्द होता. दिवाळी तोंडावर आली की शेजारच्या सुनेला ती विचारायची, "काय गं, मुराळी आला नाही का अजून?" तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुराळी आला की त्याला पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी. घोंगडीवर बसून तो आधी सासऱ्यांशी पाऊसपाणी, पीक, बैल असं बोलायचा. ती चुलीपाशी. भाऊ आलाय हे त्याच्या आवाजावरून कळलेलं, पण बाहेर येऊन 'आई कशी आहे?' विचारायची सोय नाही. न्यायचा विषय निघायचा जेवणं झाल्यावर, आणि 'पेरणी उरकू द्या', 'सासूला बरं नाही' असं उत्तर मिळालं तर तो आला तसा परत. भोंडल्यातलं 'कारल्याचं बी पेर गं सुने, मग जा आपुल्या माहेरा' हे गाणं मुली हसत म्हणतात, पण त्यातलं टोलवणं खरंखुरं आहे.

मूळ नागपंचमीचंही येई, खानदेशात आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं येई. दिवाळीचं मूळ मात्र विशेष, कारण पुढे भाऊबीज असते आणि तोवर पाऊस ओसरून, ओढेनाले उतरून गाडीवाट मोकळी झालेली असते. 'पाहतसे वाटुली' यातली वाट म्हणून मला अक्षरशः खरी वाट वाटते, जिच्यावर गाडी दिसायला हवी.

आता आजूबाजूच्या ओळी घ्या. आधी चकोर चंद्राची वाट पाहतो, नंतर भुकेलं बाळ माउलीची. पौर्णिमेचा चंद्र उगवतोच. बाळ रडलं की आई धावतेच. मधली लेक तेवढी अशी आहे की तिच्या आणि आईच्या मध्ये तिसरं माणूस लागतं, आणि ते येईल की नाही, आलं तर नेऊ देतील की नाही, काहीच तिच्या हाती नाही. 'मुळा'चा अर्थ 'मुळे' केला की नेमकं हे तिसरं माणूस ओळीतून पुसलं जातं. म्हणून तो अर्थ मला नुसता चुकीचा नाही, नुकसानीचा वाटतो.

तुकोबांच्या मनात हेच मूळ होतं याला त्यांचाच दुसरा अभंग साक्षी आहे: 'आपुल्या माहेरा जाईन मी आतां । निरोप या संतां हातीं आला'. त्यातच पुढे 'करूनि सिद्ध मूळ साउलें भातुकें । येती दिसें एकें न्यावयासी'. साउलें म्हणजे वस्त्र, लुगडं. भातुकें म्हणजे खाऊ, 'भातुकली'तलं तेच. मूळ रिकाम्या हाताने येत नसे. आईला येता येत नव्हतं, तिच्या हातचं येत होतं. आणि याच अभंगाच्या शेवटी तुकोबा म्हणतात, 'आतां येतील न्यावया । अंगें आपुलिया मायबाप'. अंगें आपुलिया, म्हणजे जातीने, स्वतः. मुराळ्याची रीत माहीत असल्याशिवाय या 'स्वतः'चं अप्रूप कळत नाही. जे कुठल्याच लेकीच्या वाट्याला सहसा येत नव्हतं, ते इथे मागितलेलं आहे.

एक जोड: मूळ सासरचंही असतं. माहेरी राहिलेल्या सुनेला परत न्यायला सासरहून कुणी आलं तरी 'मूळ आलं'च म्हणत. तेव्हा जुन्या ओवीत नुसतं 'मूळ आलं' दिसलं तर ती बाई त्या घडीला कुठे आहे ते आधी बघावं, मगच ओवी आनंदाची की जडभारी मनाची ते ठरवावं. तुकोबांच्या ओळीत ती सासरी आहे. म्हणताना 'दिवाळीच्या मुळा' असंच म्हणा, 'मुळे' करू नका.