पसंतीक्रमाने मतदान घेतलं तर निकाल पूर्णपणे न्याय्य लागेल का?

नाही, आणि यात मोजणाऱ्यांचा दोष नसतो. समजा, तीन मैत्रिणी सहलीची जागा ठरवतायत. पहिलीचा क्रम माथेरान, अलिबाग, पन्हाळा. दुसरीचा अलिबाग, पन्हाळा, माथेरान. तिसरीचा पन्हाळा, माथेरान, अलिबाग. आता जोड्या लावून बघा: माथेरान अलिबागला दोन-एक हरवतं, अलिबाग पन्हाळ्याला, आणि पन्हाळा माथेरानला! प्रत्येकीचं मत सरळ आहे, पण तिघींचं मिळून गोल फिरतं. काँदॉर्से या फ्रेंच गणितज्ञाने हे १७८५ मध्येच दाखवलं होतं.

केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये आणखी पुढचं सिद्ध केलं. सगळ्यांना जास्त आवडणारा पर्याय वरच राहावा, दोघांची तुलना तिसऱ्यामुळे बदलू नये, एकट्याची हुकूमशाही नको. तीन किंवा जास्त पर्याय असले की या अटी पाळून नेहमी सुसंगत क्रम देणारी पद्धत असूच शकत नाही.

हे कागदावरचं नाही. अमेरिकेत बर्लिंग्टनच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत अँडी मॉन्ट्रोल समोरासमोर प्रत्येकाला हरवू शकत होते. पण तिथल्या पसंतीक्रमाच्या पद्धतीत दर फेरीत सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. पहिल्या पसंतीची मतं कमी पडली म्हणून मॉन्ट्रोल शेवटच्या फेरीआधीच बाद झाले, बॉब किस जिंकले. पुढच्या वर्षी तिथल्या मतदारांनी ही पद्धतच रद्द केली. मला ती घाई वाटते, कारण ‘ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी’ या साध्या पद्धतीतही मतं फुटतातच.