गोष्टीतला शेतकरी आणि काटोलचे मामाआजोबा

प्रिय सई बेटा,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "बाबा, वाचनालयातल्या गोष्टींत शेतकरी शेवटी मरतोच काहून? आणि मरत नसला तर त्याच्या बोलण्यावर सगळे हसतात. काटोलचे मामाआजोबा तर तसे नाहीत." तेवढ्यात नेट गेलं. इथे मस्कतला शुक्रवारची सुट्टी आहे, म्हणून नीट लिहितो.

हसण्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा आला की तो घरगडी तरी असतो नाहीतर येडपट पाहुणा. कलेक्टर कधी वऱ्हाडी बोलत नाही. आपण नागपूरकरही काही कमी नाही हं. लग्नाच्या हॉलमध्ये "काय करून राह्यला बे"ची नक्कल करून टाळ्या घेणारे आपलेच, आणि घरी आईशी तसंच बोलणारेही तेच. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 सालची. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीच बोलते, पण हसू येत नाही, कारण संसार ओढताना तिच्या डोक्यात काय चाललंय ते लेखकाला पक्कं ठाऊक आहे. दहावी झाली की वाच.

मरण्याचं अवघड आहे. विदर्भात शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही काही लेखकांनी रचलेली गोष्ट नाही. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः येऊन गेले, 6 जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यावर लिहायलाच हवं होतं. पण पुढे कुणीही शेतकरी लिहायला घेतला की भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे, एवढ्यावरच भागायला लागलं. मला टिंगलीपेक्षा ही कीव जास्त खुपते. कीव करणाऱ्याला वाटतं, या माणसाला फक्त सोसता येतं.

एकदा डिसेंबरअखेर मुंबईचे एक पाहुणे मामांच्या संत्र्याच्या बागेत आले. पानं मलूल, जमीन कोरडी. ते हळहळले, फोटो काढायला लागले. मामा म्हणाले, "दुष्काळ नाही जी, मीच सुकवून राह्यलो." आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, मग पाणी सोडलं की फुलं येतात. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. हलकी जमीन लवकर ताणावर येते, काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून मामांच्या एकाच बागेत नाल्याकडच्या भारी आणि बरडाकडच्या हलक्या जमिनीतल्या झाडांचा हिशेब वेगळा. हे सगळं ते पान बोटांत धरून ठरवतात. पाहुण्यांनी ऐकून घेतलं, फोटो मात्र सुकलेल्या पानांचेच नेले.

कापूस वेचणाऱ्या बायांचंही तेच. चित्रात त्या पांढऱ्या शेतात गाणी म्हणत असतात. खरं तर मजुरी किलोवर, बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली, दव वाळायच्या आत वेचावं तर ओला कापूस म्हणून व्यापारी भाव पाडणार. तरी चालत्या हाताने पत्ती आणि कवडी, म्हणजे वाळका पाला आणि किडका कापूस, बाजूला काढत ओटी भरायची. तुझी आजी लग्नाआधी वेचायला जायची, तिला विचार. गाणी म्हणायच्या का, तेही विचार. बहुतेक सासवांच्या चुगल्या करायच्या.

तू स्वतः गोष्ट लिहिणार म्हणालीस. मग जानेवारीत काटोलला जा आणि "पाणी कधी सोडणार?" एवढंच मामाआजोबांना विचार. वही मोठी ने, कारण ते मागच्या वर्षी व्यापाऱ्याने हजारी, म्हणजे हजार संत्र्यांमागे, काय भाव दिला आणि किती पैसे अडकवले तिथपर्यंत जातील. तेही लिही. आणि आईला सांग, मोबाईलचा रिचार्ज मी केलाय.

तुझा,
बाबा