प्रार्थनेत सारखे विचार येतात, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

तुम्ही विचारलंय की वर्तमानात राहायचं तर मन रिकामं करावं लागतं का. नाही. ‘विश्वास ठेव, विचार करू नकोस’ हा सल्ला आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सर्रास दिला जातो आणि त्यानं माणसं उगाच स्वतःला अपराधी समजतात. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो, त्याच उताऱ्यात पाखरांकडे पाहा, रानातली फुलं कशी वाढतात ते लक्षात घ्या, असंही सांगतो. पाहून त्यावरून काही ताडणं हा विचारच आहे. चिंता वेगळी.

हा फरक सर्वांत बारकाईनं मांडला तो इजिप्तच्या वाळवंटात केल्लिया इथं राहिलेल्या इवाग्रियस या संन्याशानं (मृत्यू ३९९). खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, उबग, पोकळ मोठेपणा आणि गर्व असे आठ विचार त्यानं मोजले. ते मनात येणं आपल्या हाती नाही, त्यांना थारा देणं आपल्या हाती आहे, हे त्याचं म्हणणं.

त्यातला उबग तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा. ग्रीकमध्ये अकेडिया. तो सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत हटत नाही. सूर्य जागचा हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन जेवणाला (म्हणजे दुपारी तीनला) किती वेळ उरला ते पाहतो, कुणी भाऊ (सोबतचा संन्यासी) भेटायला येतोय का बघतो. मग जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, भावाभावांत प्रेमच उरलं नाही असं वाटू लागतं. कुणी नुकतंच दुखावलेलं असेल तर तेही आठवतं. दुसरीकडे सोपं काम मिळेल, देव काय कुठेही भेटतो, हे पटू लागतं. त्यातच घरची माणसं आठवतात आणि पुढचं लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे उभं राहतं. इथं मन रिकामं नाही की विचारात गढलेलंही नाही. ते फक्त आत्ता इथं नाही.

उपाय असा: विचार ढकलू नका, नोंदवा. कोणता, किती वाजता, किती जोरानं, कशाच्या मागून आला, कधी ओसरला. आठवडाभरात क्रम दिसू लागतो. बहुधा राग आधी आणि खिन्नता मागून. त्या वेळी जागा सोडू नका. बायबलमधल्या स्तोत्र ४२ मधल्यासारखं स्वतःच्याच जिवाला विचारा की तू का खिन्न झालास. मन फारच पळत असेल तर कॅसियन या जुन्या संन्याशाची रीत धरा: स्तोत्र ७० ची पहिली ओळ, देवा, माझ्या मदतीला धावून ये, एवढीच दिवसभर, कामात, जेवताना, झोपताना. इथं लोक एक चूक करतात. ओळ विचार बुजवायला जोरजोरात घोकतात, मग नुसतेच थकतात. ओळ म्हणजे परतायची जागा, एवढंच.

एक मात्र सांगायला हवं. प्रार्थना म्हणजे विचार बाजूला ठेवणं, असंही इवाग्रियसनंच लिहिलंय. पण त्याच्याकडे ते मुक्कामाचं ठिकाण आहे. आपल्याकडे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी तिथं उभं करतात. त्याच्या काही तात्त्विक मतांना ५५३ मध्ये चर्चच्या धर्मसभेनं दोषी ठरवलं. ही मनाची निरीक्षणं मात्र पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दोन्ही मठांत टिकली. आणि हा उबग आठवडेच्या आठवडे झोप, भूक घालवत असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा.