वर्षातून दोन-तीनदाच, दिवाळीला आणि मे महिन्यात गावी जाण्यापुरता, विमानप्रवास होत असेल तर एअरलाइनचं क्रेडिट कार्ड घ्यावं की साधं रिवॉर्ड्स कार्ड?

साधंच घ्या. तुमच्या दोन-तीन फेऱ्या म्हणजे दिवाळी आणि मे महिन्यात गावी जाणं, असं तुम्हीच लिहिलंय. नेमक्या त्याच हिशेबाने मी फसलो, म्हणून उत्तर देतोय.

मी पुण्यात, आमचं घर नागपूरला. भाऊजींच्या आग्रहाने एका विमान कंपनीचं कार्ड घेतलं. वर्षाला ३,००० रुपये फी, वर १८ टक्के जीएसटी. किराणा, वीजबिल, मुलीची फी, सगळं त्यावरच. तीन वर्षांत दोन तिकिटांपुरते माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे पॉइंट, जमले. आई गुडघ्यांच्या उपचारांसाठी आमच्याकडे आली होती, पण लक्ष्मीपूजन तिला आपल्या घरीच हवं होतं. म्हटलं, हिला विमानाने नेऊ.

धनत्रयोदशीच्या आधीचा अख्खा आठवडा माइल्सवर एकही सीट नाही! पैसे मोजणाऱ्यांना त्याच विमानात जागा होती. दोघांचे चोवीस हजार होत होते, ते तेव्हा हातात नव्हते. आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "राहू दे रे, ट्रॅव्हल्सनं जाऊ." गुडघ्यांना पट्टे बांधून ती संगमवाडीला बसमध्ये चढली. बर्थ वरचा आला होता. एका कॉलेजच्या पोराने आपला खालचा दिला म्हणून निभावलं.

भाऊजी अजूनही म्हणतात, "तुला वापरता आलं नाही." त्यांना दर महिन्याला ऑफिसच्या कामाने दिल्लीला जावं लागतं. तिकीट कंपनी काढते, माइल्स यांच्या खात्यात पडतात, आणि तारखांची अडचण नाही, कारण ते फेब्रुवारीतल्या मंगळवारीही जाऊ शकतात. त्यांना ते कार्ड परवडतं, हे मला मान्य आहे. पण घरखर्चातून माइल्स साठवून सणाला गावी जाणाऱ्याला तोच सल्ला देणं चूक होतं आणि आहे.

शिवाय एकाच कंपनीत जीव अडकवायचा कशाला? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमानं थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. माइल्स दुसरीकडे वळवले जातातही, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच राहत नाही.

मी आता कॅशबॅकचं कार्ड वापरतो. बिलातून रक्कम वजा होते, आणि ज्या कंपनीचं तिकीट स्वस्त ते काढतो. गेल्या दिवाळीला आई विमानानेच गेली, खिडकीशी बसून.

एक राहिलं. घरभाडं, पेट्रोल, मोबाइल वॉलेट यांवर बहुतेक कार्डं काहीच देत नाहीत. तुमचा खर्च मुख्यतः तोच असेल तर कुठलंच फीचं कार्ड नको. आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नसेल तर हे सगळं सोडा, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. पॉइंटवालं कार्ड घेतलंत तर बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाका, नंतर सहसा मिळत नाहीत.