सांबऱ्याहून विमानात रेडिओ स्कॅनर नेता येईल का?

तुम्ही विचारलंय की मामांनी दुबईहून आणून दिलेला हातात मावणारा रेडिओ स्कॅनर, म्हणजे पोलिस, विमान असल्या सगळ्यांचं वायरलेस बोलणं पकडणारा रेडिओ आहे, पुढच्या महिन्यात सांबऱ्याहून दिल्लीला जायचंय, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, तर तो हॅण्डबॅगेत चालेल का आणि विमानात बसल्यावर त्याच्यावर पायलटचं बोलणं ऐकता येईल का. मी निपाणीचा, मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौस म्हणून वायरलेसवर बोलायचं, लायसन्स आहे, त्यामुळं असलं सामान घेऊन चार-पाचदा विमानानं जाऊन आलोय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, न्यायचा का आणि चालू करायचा का. पण तो मुळात जवळ ठेवता येतो का हे विचारलंच नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे बघा.

आधी चालू करायचं बोलू. विमानात चालू करायचा नाही, अजिबात नाही. तुम्ही म्हणाल हा तर नुसता ऐकायचा डबा आहे, ह्याच्यातनं काही बाहेर जात नाही, मग विमानाला काय होणार? मलाही सुरवातीला असंच वाटायचं. पण ऐकणारा रेडिओसुद्धा थोडं थोडं बाहेर फेकत असतो. आत एक ऑसिलेटर असतो, तो स्वतःची एक फ्रिक्वेन्सी तयार करतो आणि बाहेरनं आलेला सिग्नल तिच्यात मिसळून खाली आणतो, बहुतेक एफएम रेडिओत 10.7 मेगाहर्ट्झवर. आता आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. कोल्हापूर आकाशवाणी 102.7 वर लागते, आमच्या दुकानात सकाळपासनं तीच चालू असते. रेडिओ 102.7 ला लावला की आतला ऑसिलेटर साधारण 10.7 नं वर, म्हणजे 113.4 वर चालू होतो. आणि 108 ते 118 मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानाला वाट दाखवायला ठेवलाय, जमिनीवरच्या व्हीओआर स्टेशनकडनं दिशा कळते ती ह्यातच, आणि उतरताना रनवेच्या बरोबर मधोमध आणणारा लोकलायझर पण ह्यातच, 108 ते 112 मध्ये. म्हणजे तुम्ही खिडकीपाशी बसून भावगीत ऐकताय आणि तुमचा रेडिओ त्याच वेळी वाट दाखवणाऱ्या पट्ट्यात बारीक आवाजात पुटपुटतोय, असं होतं. ताकद अगदी कमी असते हे खरं, पण विमानाचा अँटेनाही लांबनं आलेला कमजोर सिग्नलच पकडत असतो. अमेरिकेत 1960च्या दशकातच हे तपासलं होतं, आणि विमानात एफएम रेडिओ नको म्हणतात ते तेव्हापासनं.

विमानाचं बोलणं ऐकायला स्कॅनर 123 ला लावलात तरी तीच गोष्ट, आतल्या रचनेप्रमाणं ऑसिलेटर 10.7 खाली असेल तर 112.3 वर येतो. नवीन स्कॅनरची रचना वेगळी असते, ऑसिलेटर खूप वर कुठंतरी चालतो, पण ते एअर होस्टेसला तुमच्या हातातला डबा बघून कसं कळणार, आणि तिनं का ओळखावं? आपल्याकडं एअरक्राफ्ट रूल्स 1937 मधला 29बी हा नियम आहे, उडत्या विमानात जवळची इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरायची नाही असा. 2014 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं, फोन, टॅबलेट फ्लाइट मोडवर वापरायची सूट दिली, पण फ्लाइट मोड म्हणजे रेडिओ बंद, आणि स्कॅनरमधला रेडिओ बंद केला तर उरतं काय? तेव्हा सेल काढून ठेवा, आणि क्रूनं काही विचारलं तर त्यांचं ऐकायचं, तिथं वाद घालायचा नाही.

आणि खरं सांगू का, आत बसून चालू केला तरी तुम्हाला वाटतंय तसं काही ऐकू येणार नाही. विमानाचं बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये चालतं, आणि एवढ्या उंचीवरनं ह्या लहरी सरळ रेषेत चारेकशे किलोमीटर पोचतात, म्हणजे मुंबई, हैदराबाद, गोवा सगळीकडची विमानं एकावर एक. त्यात तुमचं विमान कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे तुम्हाला माहीत नसतं आणि एका हद्दीतनं दुसऱ्या हद्दीत गेलं की ती बदलते. वर इंजिनाचा आवाज.

हे बोलणं एफएमवर नसतं, एएमवर असतं, आणि ह्याचं कारण मला फार आवडतं म्हणून सांगतोच. एफएममध्ये दोघं एकाच वेळी बोलले की जोरातला तेवढा ऐकू येतो, दुसरा पार गायब होतो, कुणाला पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर मध्येच शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे कंट्रोलरला कळतं की अजून कुणीतरी बोलायला बघतंय. आवाज खरखरीत असला तरी चालेल पण कुणाची हाक दबून जायला नको, एवढा विचार करून जुनी पद्धत अजून ठेवलीय. ऐकायची हौस म्हणाल तर अमेरिकेत युनायटेडच्या काही विमानात चॅनल 9 वर पायलटची परवानगी असेल तर हे बोलणं हेडफोनवर देतात, आपल्याकडं तसं काही नाही.

आता ते न विचारलेलं. आपल्या देशात साधा आकाशवाणी ऐकायचा रेडिओ, मोबाइल असल्या सवलतीतल्या वस्तू सोडल्या तर वायरलेस यंत्र नुसतं जवळ ठेवायलाही परवानगी लागते. 1933च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासनं हे आहे, आणि आता 2023चा दूरसंचार कायदा आलाय, त्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी पाहिजेच. आमच्या आज्जाच्या वेळी तर घरातल्या साध्या रेडिओलाही लायसन्स होतं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा, ते पुस्तक अजून आमच्या ट्रंकेत आहे, कोपरे वाळवीनं खाल्लेत पण शिक्के स्पष्ट दिसतात. 1980च्या दशकात ते घरगुती लायसन्स बंद झालं म्हणून लोकांना वाटतं की रेडिओला आता कसलाच कागद लागत नाही. साध्या रेडिओला नाही लागत, पण पोलिस, विमान, वायरलेसवाले सगळे पट्टे पकडणारा स्कॅनर ह्या सवलतीत बसत नाही. परदेशातनं आणताना कस्टमला दाखवून, परवानगीनं आणावा लागतो तो वेगळाच विषय. मामांनी तसं काही केलंय का ते आधी विचारा त्यांना, रागावू नका, चांगल्या मनानंच आणलाय त्यांनी.

विमानतळावरच्या माणसाची बाजू पण समजून घ्या. एक्स-रेच्या पडद्यावर त्याला दिसतं काय, तर वॉकीटॉकीच्या आकाराचा डबा, अँटेना, वायरी, सेल. तो बोलायचा की ऐकायचा हे चित्रावरनं कळतच नाही. आणि आपल्याकडं अशा वस्तूंबद्दल कडक आहेत, कारणही आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याला दाबोळी विमानतळावर एका परदेशी बाईंना बॅगेतल्या गार्मिन इनरीचपायी अडवलं होतं, डोंगरात पळताना जीव वाचवायला ठेवतात ते सॅटेलाइटवरचं यंत्र, पण परवानगीशिवाय ते आपल्या देशात चालत नाही. सांबरा तर एअर फोर्सच्या ट्रेनिंग स्कूलला लागून आहे, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, म्हणजे मिलिटरीचा भाग, तिथं असल्या वस्तूची चौकशी होणारच.

माझं सांगतो. सांबऱ्याला मी रांगेत उभा असतानाच हॅण्डसेट बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळा ठेवला, अँटेना काढलेला, सेल बाजूला, खाली प्लास्टिकच्या कव्हरात लायसन्सची झेरॉक्स. तिथल्या माणसानं कानडीत विचारलं, "इदु एन्री?", म्हणजे हे काय हो. मी म्हटलं रेडिओ री, हॅमचा, हे बघा लायसन्स. त्यानं कव्हर उलटंसुलटं केलं, वरच्या साहेबाला दाखवलं, कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव, वाचून घेतला आणि पाच मिनिटात जाऊ दिलं. येताना मात्र एका मोठ्या शहराच्या विमानतळावर मी घाईत सगळं एकाच पाऊचमध्ये कोंबलं, हॅण्डसेट, अँटेनाच्या कोक्स वायरची गुंडाळी, पॉवर बँक, आणि लायसन्स राहिलं चेक-इन केलेल्या बॅगेत. मग काय, बाजूला घेतलं, पाऊच तीनदा मशिनीतनं फिरवलं, साहेबाचे साहेब आले, मी फोनमधला लायसन्सचा फोटो दाखवला तर म्हणे ओरिजिनल कुठाय. पाऊण तास गेला. बायको गेटपाशी उभी, अनाउन्समेंटमध्ये आमची नावं, आणि मला तिला फोन करायलाही सुचेना. शेवटी सोडलं, गेट बंद व्हायला थोडा वेळ असताना पोचलो. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कागद हातात नव्हता हे खरंच आहे.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट सांगणं, लायसन्स नसेल तर स्कॅनर घरी ठेवा. दिल्लीला जाऊन तुम्ही त्याच्यावर काय ऐकणार आहात ज्यापायी प्रवास धोक्यात घालायचा? आणि चेक-इनच्या बॅगेत टाकला तर सुटेल असंही समजू नका, ती बॅगही मशिनीतनं जाते, शंका आली की तुम्हाला बोलावून घेतात, आणि तोवर तुम्ही वर चहा पीत बसलेले असता. लायसन्स झालं की मग ओरिजिनल हातात, हॅण्डसेट हॅण्डबॅगेत, आणि विचारायच्या आधी आपण सांगायचं.

बॅटरीचं थोडक्यात. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हॅण्डबॅगेतच, चेक-इनला नाही, 100 वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, 7.4 व्होल्टचा 2 अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे 14.8, कुठल्या कुठं खाली. पण टोकं उघडी ठेवू नका, चिकटपट्टी लावा, किल्लीला लागून शॉर्ट झाला तर बॅगेत आग लागते. परदेशात घेऊन जायचा विचार असेल तर त्या देशाचा कायदा आधी बघा. इंग्लंडमध्ये स्कॅनर विकत घेता येतो पण आपल्यासाठी नसलेलं बोलणं मुद्दाम ऐकणं हा 2006च्या कायद्यानं गुन्हा आहे.

तुमची ऐकायची ओढ मला कळते हो, तुम्ही नाद सोडा असं मी म्हणत नाही. हॅमची परीक्षा द्या. बारा वर्षांच्या पोरालाही देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरवातीच्या लायसन्सला, मोर्स कोडही लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम वाचायचे. मग 144 ते 146 मेगाहर्ट्झवर तुम्ही राजरोस ऐकू शकता, बोलू शकता. 145.800 वर अंतराळ स्थानकावरनं हॅमवाल्यांसाठी बोलणं येतं कधीकधी, खानापूरच्या बाजूला जंगलात इतर आवाज कमी, आकाश मोकळं मिळालं तर साध्या हातातल्या सेटवर लागतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गच्चीवर रात्री एकटा होतो, पाच-सात मिनिटं आवाज आला आणि स्थानक क्षितिजाखाली गेल्यावर खरखर सुरू झाली तरी मी सेट कानालाच धरून उभा.

मी ह्या नादाला लागलो ते 2019च्या ऑगस्टातल्या पुरानं. वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलेलं, कोल्हापूरकडचा रस्ता बंद, लाइट नाही, आमच्याकडं फोनचे टॉवर एकेक करून गेले आणि बहीण चिकोडीकडं पाण्यात अडकलेली, दीड दिवस तिचा आवाज नाही. त्या दीड दिवसात मी ठरवलं की टॉवरशिवाय बोलता आलं पाहिजे. म्हणून कुणी बिनकागदाचा रेडिओ घेऊन विमानतळावर पकडला गेला की मला फार वाईट वाटतं, पुढच्या लायसन्सवाल्यालाही मग त्याच नजरेनं बघतात.

अर्ज केंद्र सरकारच्या सरल संचार पोर्टलवर होतो. दिल्लीहून आला की इथंच लिहा, कुठला अभ्यास आधी करायचा ते सांगतो. स्कॅनर तोवर बंद करून कपाटात ठेवा, मामांशी बोलून त्याचं बिल शोधा, आणि सेल आत्ताच काढा, पावसाळ्यात आतल्या आत गळून स्प्रिंगा खातात.