रद्द झालेल्या उड्डाणांची वही

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोळा वर्षांची लेक रात्री दोनचा गजर लावून रॉकेटचं उड्डाण बघायला उठते, इंजिनांच्या चाचण्यांचे व्हिडिओ बघते आणि लघुग्रहांच्या मोहिमांची वही ठेवते. तिचे बाबा म्हणतात, ‘नुसतं बघून कोणी शास्त्रज्ञ होत नाही.’ आणि अगदी शेवटी तुम्ही जरा वैतागूनच लिहिलंय, की त्या वहीत झालेल्या उड्डाणांपेक्षा रद्द झालेल्यांचीच पानं जास्त आहेत.

पत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं वाक्य हेच.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. आग, धूर, टाळ्या बघणारे लाखो असतात. त्यात वाईट काही नाही. गाणं ऐकणारा प्रत्येक जण काही गायला बसत नाही. पण उड्डाण रद्द झालं की बाकीचे झोपायला जातात आणि तुमची मुलगी लिहायला बसते. अमेरिकेच्या एसएलएस रॉकेटचंच बघा. 16 जानेवारी 2021 ला त्याच्या मुख्य टप्प्याची चाचणी होती. चार इंजिनं सुमारे आठ मिनिटं चालायची, ती 67 सेकंदांत थांबली. इंजिनं बिघडलीच नव्हती. चाचणीपुरत्या काही मर्यादा मुद्दाम कडक ठेवल्या होत्या, हायड्रॉलिक यंत्रणेतला एक आकडा त्यापलीकडे गेला आणि संगणकानं सगळं बंद केलं. 18 मार्चला तीच इंजिनं 499 सेकंद चालली. मधल्या दोन महिन्यांत कोणीतरी त्या 67 सेकंदांचे आकडे चाळत बसलं होतं. ती नोकरी आहे, ताई. तिला टाळ्या मिळत नाहीत.

तेव्हा एक करा. तिला विचारून ती वही वाचा. त्यात नुसत्या तारखा आणि रॉकेटांची नावं असतील, तर हा छंद आहे. सुखानं जपू द्या आणि करिअरचं वेगळं बघू. पण ‘का थांबलं?’ असं लिहिलेलं असेल, तर तो ‘का’ कुठे वळतो ते बघा.

बेन्नू लघुग्रहावरची माती घेऊन नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाची कुपी सप्टेंबर 2023 मध्ये पृथ्वीवर उतरली. नमुन्याच्या डब्याचं झाकण 35 स्क्रूंनी बसवलेलं होतं, त्यातले दोन काही केल्या सुटेनात. नमुन्याला बाहेरचं काही लागता कामा नये, त्यामुळे हाताला येईल तो पाना लावायची सोय नव्हती. शेवटी त्या दोन स्क्रूंसाठी वेगळी अवजारं तयार करावी लागली आणि जानेवारी 2024 मध्ये डबा उघडला. ही गोष्ट वाचून तिचे डोळे चमकले, तर यंत्र अभियांत्रिकी किंवा धातुशास्त्र. एकूण मिळालेल्या 121.6 ग्रॅम मातीत, सजीवांची प्रथिनं ज्यांची बनतात त्या 20 अमिनो आम्लांपैकी त्यात सापडलेल्या 14 मध्ये ती रमली, तर रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र. आणि 1996 साली युरोपच्या आरियान-5 रॉकेटचं पहिलं उड्डाण जुन्या रॉकेटच्या प्रोग्राममधला एक मोठा आकडा संगणकातल्या 16 बिटांच्या तोकड्या जागेत न मावल्यामुळे सुमारे 37 सेकंदांत कोसळलं, हे वाचून ती रात्रभर जागली, तर तिची जागा संगणकापाशी आहे.

पदवीच्या नावात ‘एरोस्पेस’ हवंच, हा हट्ट मला पटत नाही. पाया पक्का करून मग इकडे वळणारे पुष्कळ असतात.

दोन कडू गोष्टीही सांगतो. अनेक देशांत रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रांच्या नियमांत धरलं जातं. अमेरिकेतल्या रॉकेट कंपन्यांत परदेशी नागरिकाला शिरकाव मिळणं फार कठीण. लघुग्रहांच्या विज्ञानात दारं बरीच मोकळी आहेत. दुसरी गोष्ट वेळेची. ओसायरिस-रेक्स निवडलं गेलं 2011 मध्ये, निघालं 2016 मध्ये, माती आली 2023 मध्ये. बारा वर्षं एकाच दगडामागे! उतावळ्या माणसाचं हे काम नाही. मात्र रद्द उड्डाणांची पानं भरणारी मुलगी उतावळी असेल, असं मला वाटत नाही.

जागरणाचं म्हणाल, तर थेट उड्डाण फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री. बाकीची दुसऱ्या दिवशी बघावीत. चित्रफीत थांबवून, मागे नेऊन बघता येते, शिकायला तीच बरी.

आता तिच्यासाठी एक काम. 26 सप्टेंबर 2022 ला डार्ट हे यान सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगानं डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम, समोरून आदळवलं. डिमॉर्फोस आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती 11 तास 55 मिनिटांत फिरायचा. धडकेनंतर ती फेरी सुमारे 11 तास 22 मिनिटांची झाली. समोरून धक्का बसला म्हणजे त्याचा वेग घटला. मग फेरी लवकर कशी संपते?

शोधायचं कुठे, हे सांगू नका. बाबांना उत्तर येत असेल, तर त्यांनाही गप्प राहायला सांगा. तिनं आठवड्याभरात आकृती काढून मला पाठवली, तर भौतिकशास्त्राबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. उत्तर चुकलं तरी चालेल, खाडाखोडीसकट पाठवायला सांगा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक