एसव्हीटी, बेसमन की बी-१५: एकच जुना ट्यूब बेस ॲम्प ठेवायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये तीन जुने ट्यूब बेस ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे बेस गिटारचे ॲम्प्लिफायर, आहेत. १९६६ चा ॲम्पेग बी-१५एन, १९७२ चा ॲम्पेग एसव्हीटी त्याच्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटसह (स्पीकरची पेटी), आणि १९६७ चा फेंडर बेसमन, हेड (स्पीकर नसलेला ॲम्पचा भाग) आणि कॅबिनेट वेगळे. जागा नाही, पाठ दुखते, दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचं आहे. वाजवणं म्हणजे आठवड्यातून एकदा छोट्या जागी जॅझ आणि वर्षातून काही वेळा मंडळाचा ऑर्केस्ट्रा. मुलगा गिटार शिकतो आहे. एकच ठेवायचा तर कोणता?

बी-१५ ठेवा. एसव्हीटी आधी विका. बेसमनचा निर्णय मुलावर सोडा.

मी स्वतः बेस वाजवतो आणि इथेच जुने ॲम्प दुरुस्त करतो, त्यामुळे हे तिन्ही माझ्या टेबलावर नेहमी येतात. लोक अशा वेळी कोणता जास्त किमतीचा, कोणता जास्त नावाजलेला हे बघतात. माझ्या मते बघायचं ते हे की, तुम्ही ज्या आवाजाच्या पातळीवर खरोखर वाजवता तिथे कोणता ॲम्प जिवंत होतो. ट्यूब ॲम्पची गोडी त्याच्या पॉवर ट्यूब (जोर देणाऱ्या मोठ्या ट्यूब) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (तो जोर स्पीकरपर्यंत नेणारा भाग) राबायला लागले की उतरते. ते राबतच नसतील तर तुम्ही फक्त वजन सांभाळताय.

एसव्हीटीचंच घ्या. १९६९ साली रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात पहिले एसव्हीटी वापरले गेले. ३०० वॉट, सहा पॉवर ट्यूब, तोही ट्रान्झिस्टरशिवाय. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत बेस पोचवायचा म्हणूनच तो बनवला होता आणि त्या कामात त्याला तोड नाही. पण तुमच्या मॉडेलला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा कमी करायचा नॉब, नाही. छोट्या जागी नॉब जेमतेम सरकवला की आवाज भरून जातो आणि त्या सहा ट्यूब निवांत बसून राहतात. तुमच्या कानावर पडतो तो बहुतेक प्रीॲम्पचा, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या टप्प्याचा, रंग. तो रंग देणारे पायाशी ठेवायचे छोटे पेडल आज सहज मिळतात. त्यात हेडच ३८ किलोच्या आसपास आणि कॅबिनेट त्याहून बरंच जड. पाठ दुखत असताना हे जिन्यावरून चढवण्यात काहीच अर्थ नाही.

खर्चही बघा. पहिल्या खेपेच्या एसव्हीटीत ६१४६ या प्रकारच्या ट्यूब होत्या, नंतर कंपनीने ६५५० घेतल्या. तुमचा १९७२ चा आहे म्हणजे बहुधा ६५५० असणार, आणि त्या आजही नव्या बनतात, हे बरं आहे. तरी एकसारख्या जुळवलेल्या सहा घ्यायच्या म्हणजे काहीशे डॉलर एका फटक्यात जातात. आत ट्यूबच्या प्लेटवर ७०० व्होल्टच्या घरात दाब असतो, त्यामुळे घरी झाकण उघडून बघायचा हा ॲम्प नव्हेच. तुम्ही जोरकस रॉक बँडमध्ये वाजवत असता आणि दारात व्हॅन उभी असती, तर मी बरोबर उलटा सल्ला दिला असता.

बेसमन हा वेगळाच मामला. नावात बेस असला तरी साठीच्या दशकातला हा हेड आज बेसवाल्यांपेक्षा गिटारवालेच शोधत असतात. दोन ६एल६ पॉवर ट्यूब, सुमारे ५० वॉट, आणि दोन चॅनल. त्याचं दोन १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट खालच्या ई तारेला दमछाक होईपर्यंत हलतं आणि सूर पातळ होतो. तेच नॉर्मल चॅनलमध्ये गिटार लावा आणि व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे न्या, मग कळेल लोक त्याच्यामागे का असतात. मार्शलचा पहिला ॲम्प याच्याच थोरल्या भावावरून, पन्नाशीच्या दशकाअखेरच्या चार स्पीकरवाल्या बेसमनवरून, बेतलेला होता. मुलगा खरंच गिटारला चिकटून राहणार असेल तर हेड ठेवा आणि कॅबिनेट विका. हेड एका हाताने उचलता येतो, कपाटात मावतो. त्याला ४ ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचं माप) कॅबिनेट लागतं एवढं लक्षात असू द्या.

आता बी-१५, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. हा ॲम्प तुमच्या घरापासून फार लांब नाही, इथेच न्यू जर्सीतल्या लिंडेनमध्ये तयार झाला. जेस ऑलिव्हर यांनी १९६० च्या सुमारास त्याची रचना केली. ॲम्पेगचे मालक एव्हरेट हल स्वतः बेस वाजवणारे, आणि त्यांना फाटलेला आवाज अजिबात खपत नसे. त्यामुळे २५-३० वॉटच्या या पेटीत सगळा जोर सुराच्या गोलाईवर आहे. डेट्रॉइटच्या क्लबांमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यावरच वाजवत. मोटाउनच्या स्टुडिओत त्यांचा बेस बहुतेक वेळा थेट रेकॉर्डिंगच्या बोर्डात जायचा, म्हणून ‘मोटाउनचा आवाज म्हणजे बी-१५’ हे वाक्य जाहिरातीत दिसलं तर थोडं जपूनच घ्या.

बाजूच्या क्लिपा सोडा, झाकण उचलून उलटं करा, आत खाली तोंड करून लटकलेली चेसिस (ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर बसवलेली धातूची चौकट) वर येते. वाजवून झालं की परत उलटी करून पेटीतच बंद. रबराच्या आधारांमुळे स्पीकरचे हादरे ट्यूबपर्यंत कमी पोचतात. त्या काळात गिऱ्हाइकाचं नाव पारदर्शक पट्टीवर कोरून द्यायचे आणि ॲम्प लावला की ते उजळायचं. तुमच्या पट्टीवर कुणाचं नाव असेल तर ती काढू नका, तो त्या ॲम्पचा इतिहास आहे.

आवाजाबद्दल म्हणाल तर, व्हॉल्यूम अर्ध्याच्या जवळ असताना बोट हलकं लावलं की सूर स्वच्छ येतो. जरा जोर दिला की तोच सूर कडेने थोडा जाड होतो, जणू कुणी खर्जात हलकेच तंबोरा धरलाय. ही गंमत साध्या खोलीत, ड्रमवाला ब्रशने वाजवत असताना मिळते, आणि तुमचं आठवड्याचं वाजवणं नेमकं तसंच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात २५ वॉट पुरणार नाहीत हे खरं. तिथे समोर मायक्रोफोन लावा आणि हॉलच्या साउंडवाल्याकडे द्या. ढोल-ताशाच्या शेजारी उभं राहायचं असेल तर मात्र बी-१५ घरीच ठेवा, एखादा हलका ट्रान्झिस्टरचा ॲम्प न्या.

ठरवण्याआधी तिन्ही वाजवून बघणार असाल तर प्रत्येक ॲम्प त्याच्याच कॅबिनेटवर वाजवा. बी-१५ ला ८ ओहम लागतात, बेसमनला ४, एसव्हीटीला ४ किंवा २. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तो जुना, मूळचा असेल तर ते नुकसान नुसत्या पैशाचं नसतं.

विकायच्या दोघांबद्दल. आधी जाणकाराकडून आतून फोटो काढून घ्या. स्वतः उघडू नका, बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहतो. फोटोत पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे नॉबमागच्या गोल भागाच्या, मागे एक आकडा दिसेल. १३७ ने सुरू होत असेल तर तो सीटीएस कंपनीचा, ३०४ ने होत असेल तर स्टॅकपोल कंपनीचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, म्हणजे १३७-६६४२ असेल तर १९६६ चा बेचाळिसावा आठवडा. घेणारा हेच विचारतो. दोन पिनांची जुनी वायर असेल तर त्याच जाणकाराकडून ती काढून तीन पिनांची बसवून घ्या, आणि मेनपासून चेसिसला जोडलेला छोटा कपॅसिटर काढून घ्या. हे सुरक्षेचं काम आहे, त्याने किंमत पडत नाही. जे जुने भाग निघतील ते पिशवीत घालून घेणाऱ्याला द्या. वरचं कापड मात्र बदलू नका, फाटलेलं असलं तरी. एसव्हीटीसाठी जाहिरातीत ‘स्वतः येऊन घेऊन जाणे’ असं स्पष्ट लिहा. तो कुरिअरने पाठवण्याच्या भानगडीत पडू नका.

पुण्याचं म्हणाल तर बी-१५ नेता येतो, पण दोन गोष्टी सांभाळून. तो ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, ५०० व्हीएचा पुरे. मात्र तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ५० हर्ट्झवर ॲम्पचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर नेहमीपेक्षा जास्त तापतो. म्हणून ११० व्होल्टचा आउटपुट असलेलाच घ्या, १२० चा नको. पहिल्या दिवशी तासभर वाजवून ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल इतका तापला, तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा बदली ट्रान्सफॉर्मर जाणकाराकडून बसवून घ्या आणि मूळचा जपून ठेवा. घरातल्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आपल्याकडच्या जुन्या इमारतींत तिसरी पिन अनेकदा नावालाच असते.

पाठवताना ट्यूब काढा, कोणती कुठल्या सॉकेटमधली याचे आकडे कागदावर लिहून ठेवा, आणि एकेक कागदात गुंडाळून सामानाच्या बॅगेत न्या. चेसिस झाकणावरून सोडवून वेगळ्या खोक्यात भरा. लटकत्या चेसिससकट पेटी जहाजाने पाठवली तर ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने स्क्रू उपटून येतात.